नव्या लाकडी जमिनीवरचे डाग : घासण्याआधी निदान करा

घरमालकाने हौसेने सागवानी फळ्यांची जमीन करून घ्यावी, पॉलिशवाल्याने शेवटचा हात मारून सामान आवरावे, आणि पंधरा-वीस दिवसांत त्याच जमिनीवर काळे ठिपके, पांढरे ढग किंवा तपकिरी पट्टे उमटावेत, हा प्रकार उरण-पनवेल भागात काम करणाऱ्या कारागिरांना नवा नाही. पुढे काय होते तेही ठरलेले आहे. मालक पॉलिशवाल्याचे राहिलेले पैसे अडकवतो. पॉलिशवाला सुताराकडे बोट दाखवतो, सुतार वखारवाल्याकडे, आणि वखारवाला म्हणतो की माझ्या दारातून माल निघाला तेव्हा तो चांगलाच होता. अखेर तडजोड एकच निघते. पॉलिशवाल्याने पदरमोड करून जमीन पुन्हा घासायची आणि पुन्हा पॉलिश करायची. तो हातावर पोट असलेला माणूस, पुढचे काम जाईल या भीतीने तो कबूल होतो. आणि कित्येकदा महिन्याभरात डाग पुन्हा त्याच जागी येतो.

याचे कारण उघड आहे. डाग घासला गेला, पण डागाचे कारण जागच्या जागी राहिले. आमचे व्यवसायबंधूंना आणि घर बांधणाऱ्या वाचकांना सांगणे एवढेच आहे की, डाग हा पुरावा आहे. तो कोठे पडला, केव्हा पडला, कोणत्या आकाराचा आहे आणि किती खोल आहे हे पाहण्यापूर्वी त्याच्यावर घासकागद चालवला तर दोष कळत नाही, आणि दोष कोणाचा हेही ठरवता येत नाही. या लेखात ही तपासणी कशी करावी ते क्रमाने पाहू. त्यासाठी लागणारे साहित्य प्रत्येक कारागिराच्या पेटीत किंवा जवळच्या दुकानात मिळते.

उरणची हवा आणि उरणचा माल

समुद्र आणि खाड्या यांच्या कुशीत वसलेल्या उरण तालुक्यात लाकडाला तीन गोष्टींना तोंड द्यावे लागते.

पहिली गोष्ट हवेतील दमटपणा. लाकूड कितीही जुने व सुके असले तरी ते हवेतील ओल घेत आणि सोडत असते. हवेत ६५ टक्के दमटपणा असेल तर लाकडातील ओल साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या किनाऱ्यावर दमटपणा ८५ टक्क्यांच्या आसपास असतो, तेव्हा तीच फळी १७-१८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे वैशाखात सुकी असलेली फळी श्रावणात ओली असते, जरी तिच्यावर पाण्याचा थेंबही पडलेला नसला तरी.

दुसरी गोष्ट मीठ. ज्या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे चालली, तेथील वाऱ्यात खार असतो हे वेगळे सांगायला नको. मीठ हवेतील पाणी ओढून घेते. खिळ्यावर, लोखंडाच्या किसावर किंवा खालच्या कोब्यात मीठ असेल तर ती जागा कोरड्या दिवसांतही ओलसर राहते आणि लोखंड लवकर गंजते.

तिसरी गोष्ट माल. न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. आज तेथे उतरणाऱ्या कंटेनरमधून परदेशी लाकूडही येते. पूर्वी आपल्याकडचे सुतार साग, ऐन, किंजळ, शिवण, फणस यांच्यावर हात बसलेले होते. आता वखारीत आफ्रिका, दक्षिण अमेरिका व मलेशियाकडचे लाकूड असते, आणि त्यातल्या बऱ्याच मालाला बाजारात ‘टीक’ म्हणतात. उदाहरणार्थ, इरोको नावाचे झाड ‘आफ्रिकन टीक’ म्हणून विकले जाते, पण ते साग नव्हे. मरबाव नावाच्या लाकडातून पाणी लागताच तपकिरी रंग सुटतो. म्हणून सागाला लागू पडणारा अनुभव प्रत्येक ‘टीक’ला लागू पडेल असे धरून चालू नये. बिलावर झाडाचे नाव लिहून घ्यावे, हा पहिला धडा.

आधी चार प्रश्न

डाग दिसला की हातात रंधा किंवा मशीन घेऊ नये. कागद व पेन्सिल घेऊन चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

१. डाग कोठे आहे? खिडकीखाली, भिंतीलगत, न्हाणीघराच्या उंबऱ्याजवळ, खिळ्यांच्या रांगेत, की सगळीकडे सारखा?

२. केव्हा दिसला? पॉलिश वाळता वाळता, दुसऱ्या दिवशी, पहिल्या पावसानंतर, की सतरंजी उचलल्यावर?

३. आकार कसा आहे? ठिपका, ढग, लांब रेघ, की फळीच्या कडेने गेलेली पट्टी? तो एका फळीत थांबतो की शेजारच्या फळीवर पसरतो?

४. कोणत्या थरात आहे? पॉलिशच्या वर, पॉलिशच्या आत, लाकडाच्या पृष्ठभागावर, की लाकडाच्या खोल आत?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर काढण्याची रीत सोपी आहे. कपाटाखाली झाकली जाईल अशा ठिकाणचा डाग निवडावा आणि धारदार पात्याने एक चौरस इंचातले पॉलिश हलक्या हाताने खरवडावे. खरवडलेल्या पापुद्र्याबरोबर डाग निघून आला आणि खालचे लाकूड स्वच्छ दिसले, तर दोष पॉलिशमध्ये आहे. पॉलिश निघूनही डाग राहिला, तर तो लाकडात आहे. मग पात्याने लाकूड अगदी थोडे खरवडावे. दोन-चार हातांत डाग गेला तर तो वरवरचा आहे. गेला नाही तर तो खोल आहे, आणि मशीनने घासण्यात अर्थ नाही हे तेथेच ठरते.

एवढी टिपणे झाली, दोन-चार छायाचित्रे तारखेसह घेतली, की मगच पुढे जावे.

काळे-निळे ठिपके : लोखंड

आपल्या भागात सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत जास्त चुकीचा ओळखला जाणारा डाग हाच. तो शाई सांडल्यासारखा काळा किंवा निळसर काळा असतो. आणि वास्तविक तो शाईच आहे. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई तयार करीत. हिरड्यात टॅनिन असते, हिराकस हा लोखंडाचा क्षार. दोन्ही पाण्यात भेटली की काळा रंग तयार होतो. खैर, बाभूळ, ऐन यांच्या लाकडात टॅनिन भरपूर असते, सागात त्या मानाने कमी. पण लोखंड आणि ओल मिळाली तर सागावरही काळे डाग पडतात.

सागाची ही सौम्यता जहाज बांधणाऱ्यांना चांगली ठाऊक होती. ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जात, सागात ते टिकत. खाडीपलीकडच्या मुंबई गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागाचे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले आणि ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे. सांगायचे तात्पर्य असे की, चांगल्या सागावर काळे ठिपके दिसले तर लाकडाला नावे ठेवण्यापूर्वी लोखंड कोठून आले याचा शोध घ्यावा.

ते बहुधा तीन वाटांनी येते. एक, साधे लोखंडी खिळे किंवा स्क्रू. अशा वेळी ठिपके रांगेत व सारख्या अंतरावर असतात. दोन, तारेची घासणी. तिचे तुटलेले केसासारखे तंतू लाकडाच्या रंध्रात अडकतात आणि बारीक काळे फराटे उमटतात. तीन, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही, खिडकीचे गज किंवा जिन्याचा कठडा जागेवर ग्राइंडरने कापताना उडालेला लोखंडाचा किस. तो पिठासारखा बारीक असतो, झाडूने निघत नाही, आणि पॉलिशखाली दबून बसतो. पहिल्या पावसात खिडकीजवळ किंवा कठड्याजवळ मोहरीएवढे काळे ठिपके विखुरलेले दिसले की हाच प्रकार समजावा.

परीक्षा अशी करावी. पॉलिश काढलेल्या डागावर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याचा एक थेंब टाकावा. काही मिनिटांत काळेपणा फिका पडला तर लोखंड नक्की. काम चालू असतानाच संशय असेल तर चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून जमिनीवर फिरवावा, किस चिकटून येतो.

उपाय : एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून ते फक्त डागावर न लावता पूर्ण फळीवर लावावे, म्हणजे रंगात फरक राहत नाही. भांडे प्लास्टिकचे घ्यावे, ब्रशला लोखंडी पत्रा नसावा. डाग गेल्यावर स्वच्छ पाण्याने तीन वेळा पुसून काढावे आणि पूर्ण वाळू द्यावे. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. हातमोजे व चष्मा वापरावा, मुलांपासून दूर ठेवावे, आणि न धुतलेली जागा कधीही कोरडी घासू नये, कारण ती धूळ नाकातोंडात जाते. ब्लिचिंग पावडर किंवा तत्सम द्रवात ते मुळीच मिसळू नये, त्यातून घातक क्लोरीन वायू निघतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, खिळा किंवा किस काढल्याशिवाय डाग घालवला तर तो परत येणारच. खिळे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घालावेत.

राखाडी-निळ्या रेघा : बुरशी

हा डागही निळसर असतो, त्यामुळे लोखंडाशी गल्लत होते. परंतु याच्या रेघा लाकडाच्या नसांबरोबर लांब धावतात आणि डाग बहुतेक सालीजवळच्या पांढऱ्या लाकडातच असतो. गाभ्याच्या लाकडात तो सहसा शिरत नाही. आंबा, रबरवूड, पाइन यांना हा रोग फार लवकर होतो. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल राहिली की या बुरशीला वाढता येते. ओले कापलेले लाकूड वखारीत मध्ये पट्ट्या न घालता एकावर एक रचले, किंवा बंद कंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे राहिले, की ती धरते.

परीक्षा : ऑक्झॅलिक ॲसिडच्या थेंबाने डाग हलत नाही. पात्याने खरवडले तरी आत तोच रंग दिसतो. एका फळीवर आहे आणि शेजारची फळी स्वच्छ आहे, असेही बहुधा दिसते.

या निळ्या डागाने लाकडाचा मजबूतपणा फारसा कमी होत नाही, पण तो घासून जात नाही. ती फळी बदलणे किंवा गडद रंग देऊन झाकणे हे दोनच मार्ग आहेत. लाकूड मऊ पडले असेल, टोचणी सहज आत जात असेल, तर ती कुजण्याची सुरुवात असते. अशी फळी काढलीच पाहिजे. आणि येथे सुतार बंधूंना एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही रेघ पॉलिशपूर्वीही दिसते. रंधा मारताना दिसली आणि तरी फळी ठोकली, तर नंतर वखारवाल्याकडे बोट दाखवून चालत नाही.

पांढरे ढग : पॉलिशमध्ये अडकलेली ओल

पावसाळी हवेत लाखेचे स्पिरिट पॉलिश किंवा थिनरवर वाळणारे लॅकर लावले, तर ते वाळता वाळता दुधासारखे पांढरट होते. स्पिरिट आणि थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, थंड पृष्ठभागावर हवेतील पाणी दव पडावे तसे जमते, आणि ते वरच्या थरात कोंडले जाते. हा डाग पॉलिश लावल्यानंतर काही मिनिटांत किंवा काही तासांत दिसतो, फळीच्या सांध्यांची पर्वा न करता ढगासारखा पसरतो, आणि खरवडले की खाली लाकूड स्वच्छ असते.

परीक्षा : केस वाळवण्याच्या यंत्राची मंद गरम हवा हाताच्या अंतरावरून दिली आणि ढग विरळ झाला, तर ओलच आहे. पॉलिश कोणते हे माहीत नसेल तर कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकावा. चिकट झाले तर लाख. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरने विरघळले तर लॅकर. थिनरनेही काही झाले नाही तर मेलामाईन किंवा पीयूसारखे पक्के होणारे पॉलिश समजावे.

लाख आणि लॅकरच्या बाबतीत कोरड्या दिवशी स्पिरिटचा किंवा सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका हात दिला की ढग निघून जातो. म्हणजे जेथे पूर्ण जमीन घासण्याचा हुकूम सुटला असता, तेथे अर्ध्या दिवसाचे काम पुरते. पक्क्या पॉलिशखाली पांढरेपणा असेल तर मात्र तो थर काढावा लागतो.

सागाचा आणखी एक स्वभाव येथेच सांगतो. सागात नैसर्गिक तेलकट अंश असतो. त्यामुळे तेलावर आधारित वॉर्निश किंवा पॉलिश काही ठिकाणी दिवसेंदिवस वाळत नाही, चिकट राहते आणि त्यावर धूळ बसून काळपट ठिगळे दिसतात. बोट लावून पाहावे, जागा चिकट असेल तर हा प्रकार. पॉलिशपूर्वी थिनरने लाकूड पुसून घेणे आणि त्यानंतर फार वेळ न दवडता पहिला हात मारणे, हा त्यावर उपाय आहे.

भिंतीलगतचा काळेपणा : खालून येणारी ओल

डाग बाहेरच्या भिंतीलगत, न्हाणीघराजवळ किंवा तळमजल्यावर असेल, फळ्यांच्या कडा वर उचललेल्या असतील आणि सांध्यातून पांढरी भुकटी येत असेल, तर पॉलिशवाल्याला दोष देण्याआधी खालच्या कोब्याची चौकशी करावी. नवा कोबा किंवा स्लॅब वरून कोरडा दिसतो, पण आतले पाणी जायला महिने लागतात. त्यात खारी वाळू किंवा खारे पाणी वापरले गेले असेल तर तो कधीच पुरता कोरडा होत नाही. शिवाय सिमेंटचा क्षार ओलीबरोबर वर येऊन सागाला गडद तपकिरी करतो. गिलाव्याचे शिंतोडे पडलेल्या जागी असेच डाग राहतात.

परीक्षा तीन आहेत. पहिली, पांढऱ्या भुकटीवर पाणी टाकावे. विरघळली तर मीठ अथवा लोणा. नाही विरघळली आणि व्हिनेगरचा थेंब टाकताच फसफसली तर चुना किंवा सिमेंटचा अंश. दुसरी, एक फळी काढून तिची पाठ पाहावी. पाठ पोटापेक्षा काळी व ओलसर असेल तर ओल खालून आली हे सिद्ध झाले. तिसरी, उघड्या कोब्यावर दीड फूट चौरस प्लास्टिकचा जाड कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवून किमान १६ तास ठेवावा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला असेल तर त्यावर लाकूड बसवण्याची वेळ आलेली नाही.

अशा जागी वरून कितीही घासले तरी उपयोग नाही. आधी गळती, मग ओलीचा अडथळा, मग लाकूड, हाच क्रम.

ठिगळ्या रंगाची जमीन : दोष कोणाचाच नाही

ताजा कापलेला किंवा ताजा घासलेला साग एकसारखा दिसत नाही. काही फळ्या हिरवट, काही तपकिरी, काहींवर गडद रेघा. हे पाहून मालक घाबरतो आणि माल भेसळीचा असल्याचा आरोप करतो. वास्तविक उजेड लागला की काही आठवड्यांत साग आपोआप सोनेरी तपकिरी रंगाकडे येतो. पॉलिश केल्यावर लगेच जाजम, सतरंजी किंवा चटई अंथरली तर त्याखालचा भाग मागे राहतो आणि उचलल्यावर चौकोन उमटलेला दिसतो.

परीक्षा : डागाची कड सतरंजीच्या कडेशी तंतोतंत जुळते का ते पाहावे. जुळत असेल तर जमीन उघडी ठेवावी आणि थांबावे. थांबणे हे येथे औषध आहे आणि ते फुकट मिळते. याच जागी मशीन फिरवले तर सगळी जमीन पुन्हा ताजी व ठिगळी होते आणि घड्याळ मागे जाते.

तेलावर आधारित पॉलिश कालांतराने पिवळट होते, हाही त्याचा स्वभाव आहे. मालकाला फिका रंगच हवा असेल तर पाण्यावर आधारित पॉलिश निवडावे आणि ते काम घेतानाच बोलून घ्यावे.

पट्टे, फेरे आणि चौकटी : हाताचे काम

काही दोष मात्र पॉलिशवाल्याचेच असतात. भिंतीलगत हातभर रुंदीची गडद किंवा फिकी चौकट दिसली तर कडेचे घासणे वेगळ्या नंबरच्या कागदाने झाले आहे. गोल फेरे दिसले तर मशीन एका जागी फिरत राहिले. आडवे ओरखडे दिसले तर नसांच्या विरुद्ध घासले गेले, आणि रंग त्या ओरखड्यांत जास्त बसला. संध्याकाळी विजेरी जमिनीला टेकवून उजेड आडवा सोडला की हे सगळे स्पष्ट दिसते. ही परीक्षा पॉलिशवाल्याने पहिला हात मारण्याआधी स्वतःच करावी, म्हणजे पुढचा वाद टळतो.

घासण्याचा हिशेब

‘परत घासून टाका’ हे सांगणे सोपे आहे, पण ते काय घेऊन जाते पाहा. १८ मिलिमीटर जाडीच्या खाचेत बसणाऱ्या फळीत खाचेच्या वर घासण्याजोगे लाकूड सुमारे ६ मिलिमीटर असते. मशीनने एकदा पूर्ण घासताना अर्धा ते एक मिलिमीटर जाते. प्लायवर सागाचा पातळ थर दिलेल्या तयार फळीत तर वरचा थर २ ते ४ मिलिमीटरचाच असतो. म्हणजे तीन पिढ्या टिकावी म्हणून केलेली जमीन चुकीच्या निदानामुळे पहिल्याच वर्षी आपले निम्मे आयुष्य गमावू शकते. आखातात दहा-पंधरा वर्षे राबून घर उभे करणाऱ्या कुटुंबाला हे नुकसान परवडणारे नाही, आणि रोजंदारीवरच्या पॉलिशवाल्याला फुकट श्रमही परवडणारे नाहीत.

काम सुरू करण्याआधी

पावसाळ्यात ठोकलेली ओली फळी हिवाळ्यात आकसते. १०० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी १८ टक्के ओलीवरून १२ टक्क्यांवर आली तर सुमारे १ मिलिमीटर बारीक होते. मग सांध्यातले पॉलिश ताणले जाऊन पांढऱ्या रेघा दिसतात. तेव्हा लाकडातील ओल आधी मोजावी. ओल मोजण्याचे यंत्र नसेल तर फळीचा छोटा तुकडा तिच्या मधल्या भागातून कापून त्याचे वजन करावे, मग १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन कमी व्हायचे थांबेपर्यंत वाळवून पुन्हा वजन करावे. आधी ११४ ग्रॅम आणि नंतर १०० ग्रॅम भरले तर ओल १४ टक्के. भागाकार नेहमी वाळलेल्या वजनाने करायचा.

फळ्या आणल्यावर मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रीतीने त्याच खोलीत दोन-तीन आठवडे ठेवाव्यात. लोखंड कापणे, वेल्डिंग, गिलावा, फरशी घासणे ही कामे पॉलिशपूर्वी संपवावीत. जमेल तर दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या मध्यापर्यंतच पॉलिश करावे. लग्नकार्य जवळ आले म्हणून भर पावसात पॉलिशची घाई करणाऱ्या मालकाला कारागिराने धोका स्पष्ट सांगावा आणि त्याची नोंद कागदावर करावी. त्याच मालाच्या तुकड्यावर, त्याच पॉलिशचा नमुना करून दोघांनी त्यामागे सह्या कराव्यात. पुढे रंगाबद्दल वाद झाला तर तो तुकडाच साक्ष देतो.

जबाबदारी कोणाची?

निदान झाले की जबाबदारी बहुतेक वेळा आपोआप ठरते. किस उडवणारा गजवाला आणि त्याला त्या वेळी काम करू देणारा ठेकेदार, खालची ओल सोडणारा बांधकामवाला, निळी फळी विकणारा आणि ती डोळ्यांनी पाहून ठोकणारा, ओरखडे ठेवणारा पॉलिशवाला, आणि घाई करणारा मालक. प्रत्येकाचा वाटा वेगळा आहे, तो सगळा एकाच्या डोक्यावर मारणे न्यायाचे नाही.

आपसात मिटले तर उत्तम. न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. उरणकरांसाठी रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. मालातील दोष परीक्षेशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. लाकूड कोणत्या झाडाचे हे ठरवायचे असेल तर डेहराडूनची वन संशोधन संस्था किंवा बंगळुरूची काष्ठ विज्ञान संस्था यांच्याकडे तपासणीची सोय आहे. पण यासाठी नमुना हाती हवा. ज्याने रागाच्या भरात सगळी जमीन घासून काढली, त्याने आपला पुरावा स्वतःच केरात टाकला.

तेव्हा नव्या जमिनीवर डाग दिसला तर मालकाने पैसे अडवण्याची आणि कारागिराने मशीन लावण्याची घाई करू नये. दोघांनी मिळून गुडघे टेकून डाग पाहावा, चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत, एक चौरस इंच खरवडावे आणि योग्य तो थेंब टाकून पाहावा. एका सकाळचे हे काम आहे. त्या एका सकाळीने जमीनही वाचेल आणि मजुरीही.